वाचनतासाचे स्तरगट आणि त्यांच्यावरील आक्षेप

प्राथमिक शाळेतील मुलांना वाचन शिकवताना इयत्तेकडे न पाहता प्रत्येकाला प्रत्यक्षात किती वाचता येते ते पाहावे आणि दिवसातल्या त्या एका तासापुरते समान पातळीच्या मुलांना एकत्र बसवावे, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ती विकसित केली. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि मुलाच्या अध्ययन स्तराची चाचणी घेऊन शिकवणे ही सरकारी शाळांच्या रोजच्या भाषेतली गोष्ट झाली. २०२१ मध्ये केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले व त्याने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे हे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा स्तरांची ही भाषा आणखी पक्की झाली. असे असूनही अनेक शिक्षक, पालक आणि शिक्षणाचे अभ्यासक यांच्या मनात या पद्धतीविषयी एक नैतिक आक्षेप घर करून बसला आहे. वाचता येणारी आणि न येणारी मुले वेगळी बसवणे म्हणजे शाळेने आपल्या हातांनी उतरंड रचणे होय, आणि ज्या समाजाला पंक्तिभेदाचा इतका मोठा इतिहास आहे त्याने तरी वर्गात असा भेद आणू नये, असे या आक्षेपाचे म्हणणे आहे. हा आक्षेप चांगल्या हेतूने घेतला जातो आणि त्याच्या पाठीशी खरे अनुभव आहेत. परंतु तो दोन परस्परविरोधी व्यवहारांना एकाच नावाखाली आणतो आणि ज्या मुलांच्या वतीने मांडला जातो त्यांनाच वाचनापासून दूर ठेवतो. म्हणून त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

यातला पहिला व्यवहार तुकड्यांचा. वर्षाच्या आरंभी गुणांवरून ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी उरलेल्यांची अशी वाटणी होते. ती वर्षभर आणि बहुधा शाळा संपेपर्यंत टिकते. गणित, परिसर अभ्यास, खेळ, स्नेहसंमेलन या सगळ्यांत मुले त्याच तुकडीत राहतात. दुसरा व्यवहार स्तरगटांचा. यात मूल आपल्या वर्गातच असते, आपल्याच वर्गमित्रांबरोबर बाकीचे सर्व विषय शिकते, आणि केवळ वाचनाच्या तासाला तिसरी, चौथी व पाचवीची मुले इयत्तेच्या भिंती ओलांडून आपापल्या पातळीच्या गटात जातात. ही पातळी ठरवण्याचे साधन अगदी साधे आहे. ‘असर’ या २००५ पासून चाललेल्या पाहणीत वापरला जाणारा एक कागद मुलापुढे धरतात, ज्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते; मूल यातले जे शेवटचे सहज वाचू शकते तो त्याचा स्तर. एका मुलाला काही मिनिटेच लागतात, आणि काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा घेऊन गट नव्याने लावले जातात. पहिला व्यवहार मूल कोण आहे हे ठरवू पाहतो, तर दुसरा त्याला उद्या काय शिकवायचे एवढेच ठरवतो. आक्षेपकांचे जवळजवळ सर्व पुरावे पहिल्याविषयीचे आहेत आणि निषेध मात्र दुसऱ्याचा होतो.

केडगावसारख्या ठिकाणी या गोंधळाचे परिणाम ठळकपणे दिसतात. अहिल्यानगर शहराला पुणे रस्त्याच्या बाजूने लागून असलेले, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे हे गाव आता महापालिकेच्या हद्दीतले उपनगर आहे. जमीनजुमला असलेली जुनी घरे, पाथर्डी-शेवगावसारख्या तालुक्यांतून रोजगारासाठी येऊन स्थिरावलेली कुटुंबे, परप्रांतातून आलेले कामगार, नेप्तीच्या कांदा बाजारावर पोट असलेले हमाल आणि मजूर अशी मिश्र वस्ती अशा उपनगरांत असते. ऐपत असलेली पुष्कळ कुटुंबे इंग्रजी माध्यमाची वाट धरतात, आणि मराठी सरकारी शाळेत उरणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी अक्षर ओळखणारी ही पहिलीच पिढी असते. ‘असर’ची पाहणी केवळ ग्रामीण भागापुरती असल्याने महापालिका हद्दीतली अशी मुले तिच्या आकड्यांत येतच नाहीत, हेही येथे नमूद करायला हवे. ग्रामीण भारताचे चित्र मात्र उपलब्ध आहे: सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा झाली हे खरे. तरीही तिसरीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने तिसरीचे पुस्तक उघडले की चारपैकी तीन मुलांसाठी ते पुस्तक बंदच असते, एवढा या आकड्यांचा अर्थ आहे.

असे पुस्तक प्रत्यक्ष वर्गात कसे चालते ते पाहिल्याशिवाय आक्षेपाचे वजन करता येत नाही. चौथीच्या भाषेच्या तासाला शिक्षक एक वाक्य वाचतात, मुले एका सुरात ते म्हणतात, आणि सर्वांची बोटे ओळींवरून सरकत असतात. ज्या मुलाला ‘क’, ‘म’, ‘ल’ ही अक्षरे सुटी ओळखता येतात पण काना, वेलांटी, उकार लागले की अक्षराचा आवाज बदलतो हे अजून पक्के झालेले नाही, तेही इतरांबरोबर म्हणते. त्याचे बोट ‘पाऊस’ या शब्दावर असते आणि तोंड दोन शब्द पुढे गेलेले असते. त्याला एकट्याला वाचायला सांगितले तर ते ‘मुलगी’चे ‘मलग’ करते, कारण उकार आणि वेलांटी ही त्याच्या दृष्टीने अक्षराला चिकटलेली नक्षी असते. जोडाक्षरांपर्यंत तर ते पोहोचतच नाही. ही चूक नेमकी आहे आणि तिच्यावरचा उपायही नेमका आहे. बाराखडीचा तक्ता समोर ठेवून, ‘मला, मुला, माला, मूल’ असे शब्द शेजारी शेजारी वाचायला देऊन, एखादी छोटी गोष्ट आधी ऐकवून मग तीच बोट ठेवून वाचायला लावून, अशी चूक थोड्या आठवड्यांत बरीचशी निघू शकते. पण त्यासाठी शिक्षकाला ती ऐकू आली पाहिजे, आणि चाळीस मुलांच्या सामुदायिक वाचनात ती ऐकू येत नाही. ते मूल वर्गात बसलेले आहे, हजेरीपत्रकावर उपस्थित आहे, कोणत्याही गटात टाकलेले नाही. आणि तरीही वाचनाच्या शिक्षणातून ते पूर्णपणे वगळले गेले आहे. स्तरगटांना भेदभाव म्हणणाऱ्यांनी या वगळण्याला काय म्हणायचे ते आधी ठरवले पाहिजे.

इयत्तेचा वर्ग हीच स्वाभाविक रचना आणि स्तरगट ही बाहेरून आणलेली कृत्रिम विभागणी, असा समजही या आक्षेपामागे असतो. तो इतिहासाला धरून नाही. पंतोजींच्या जुन्या शाळेत एकाच ओट्यावर बसलेला एक मुलगा धुळाक्षरे गिरवत असे, दुसरा पाढे म्हणत असे आणि तिसरा मोडीतले पत्र वाचत असे. कोण कुठवर आला आहे यावरून त्याचे काम ठरत असे. त्या शाळेचे गुणगान करण्याचे कारण नाही, कारण तिचे दार बहुसंख्य जातींना आणि मुलींना बंद होते आणि तिची शिक्षा क्रूर होती. वयानुसार वर्ग, वर्गानुसार पुस्तक आणि पुस्तकानुसार वार्षिक परीक्षा ही साखळी मात्र एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षण खात्यांबरोबर, तपासणी आणि हिशेब यांच्या सोयीसाठी, सार्वत्रिक झाली. वय हाही गट पाडण्याचा एक निकषच आहे. तो खेळासाठी, मैत्रीसाठी आणि सामाजिक वाढीसाठी उत्तम आहे, आणि म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद केली ती योग्यच केली; पण अक्षर-शब्द-वाक्य हा क्रम वयाबरोबर आपोआप पुढे सरकत नाही.

आक्षेपातला सर्वांत भक्कम भाग शिक्क्याचा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर दिले पाहिजे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका बालवर्गाचे वर्णन आहे. तिथल्या शिक्षिकेने शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मुलांना तीन टेबलांवर बसवले. वाचनाची कोणतीही चाचणी झालेली नव्हती. कपडे, बोलण्याची ढब आणि घरची परिस्थिती यांवरून ही वाटणी झाली होती, आणि पुढच्या वर्षांतही मुले जवळजवळ तिथेच राहिली. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांचे आयुष्य दोन प्रकारच्या शाळांत विभागले जात असे आणि त्याविरुद्ध तिथे दीर्घकाळ लढा झाला. आपल्याकडचा पुरावा तर अधिकच बोचरा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील गावांत केलेल्या प्रयोगात कोडी सोडवणाऱ्या मुलांची जात सर्वांसमोर उच्चारली गेली तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. जात उच्चारली नव्हती तेव्हा ती इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. या सर्वांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: मोठ्या माणसांनी मुलाविषयी आधीच बांधलेला समज गटाच्या रूपाने पक्का केला की मूल त्या समजाप्रमाणे वागू लागते.

मात्र याच पुराव्यातून स्तरगटांविरुद्धचा निष्कर्ष निघत नाही. रिस्ट यांच्या वर्गातला दोष असा की गट वाचनावरून पडले नव्हते, दिवसभर टिकत होते आणि बदलत नव्हते. चाचणीचा कागद मुलाची जात, कपडे किंवा वडिलांचा धंदा विचारत नाही; त्याला फक्त ‘गोष्ट’ वाचता येते की नाही एवढेच कळते, आणि शिक्षकाच्या नजरेत दडलेल्या पूर्वग्रहावर यापेक्षा चांगला उतारा शाळेजवळ नाही. मागच्या बाकावर बसवलेली, ‘हिला काही येत नाही’ असे गृहीत धरलेली मुलगी चाचणीत सरळ गोष्ट वाचून जाते असे घडू शकते, आणि असे घडण्यासाठी तिला एकटीला वाचायला लावणे ही पहिली अट आहे. राहिला प्रश्न मुलांना कमीपणा वाटण्याचा. वर्गात कोणाला वाचता येत नाही हे मुलांना गटांवाचूनही ठाऊक असते. ‘ढ’ हा शब्द स्तरगटांच्या कितीतरी आधीपासून मराठी शाळेत वावरतो आहे. चार वर्षे न वाचता वर्गात बसून राहिल्याने येणारा कमीपणा आणि सहा आठवडे शब्दगटात बसून परिच्छेदगटात जाण्याने येणारा कमीपणा यांची तुलना आक्षेपक करत नाहीत. ते दुसऱ्याची तुलना अशा एका काल्पनिक वर्गाशी करतात जिथे सर्वांना सारखे येते.

दुसरा आक्षेप असा की कच्ची मुले पक्क्या मुलांच्या सहवासात शिकतात, म्हणून त्यांना वेगळे करू नये. चर्चा, प्रयोग, गोष्ट रचणे, परिसर समजून घेणे यांत हे पूर्ण खरे आहे, आणि दिवसाचे बाकीचे तास मुले एकत्रच राहतात ती याच कारणासाठी. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्याच्या टप्प्यावर मात्र सहवासाचा परिणाम उलटा होतो. फळ्यावर शब्द लिहिला जाताच पटकन वाचणारे मूल तो म्हणून टाकते, आणि अडखळणाऱ्या मुलाला शब्द फोडून पाहण्याची गरजच उरत नाही. उत्तर त्याच्या कानावर आलेले असते.

येथे मुंबईचा पुरावा निर्णायक ठरतो. ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन पायाभूत वाचन व गणित शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणत्या शाळांना किंवा वर्गांना बालसखी मिळणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून, त्याची पारख केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी चाचणीतील सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, आणि शैक्षणिक उपायांच्या मानाने ही वाढ बरीच मोठी आहे. सगळा लाभ बाहेर नेलेल्या मुलांना झाला. वर्गात राहिलेल्या पक्क्या मुलांचा वर्ग लहान झाला तरी त्यांची विशेष प्रगती झाली नाही, पण नुकसानही झाले नाही. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने लाभाचा बराच भाग विरला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पहिल्या टप्प्यानंतर आधार काढून घेऊ नये, असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप व्यावहारिक स्वरूपाचा असल्याने अधिक पटणारा वाटतो. कुशल शिक्षक एकाच वर्गात सर्व पातळ्यांना एकाच वेळी शिकवू शकतो, मग मुले हलवण्याची गरज काय, असा तो आहे. असे शिक्षक आहेत आणि त्यांचा आदर केला पाहिजे, पण त्यांच्या असामान्यतेवर सर्वसाधारण शाळेची व्यवस्था उभी करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, आणि अशा द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे आधीच दोन-तीन इयत्ता असतात. प्रत्येक इयत्तेत चार पातळ्या धरल्या तर तो एकाच तासात आठ ते बारा वेगळ्या वर्गांना शिकवतो आहे. तीच मुले इयत्ता विसरून पातळीनुसार दोघा शिक्षकांत वाटली तर प्रत्येकाकडे दोनच पातळ्या उरतात. अमेरिकेत मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे १९५० च्या दशकात वाचनापुरती अशीच योजना आखली गेली होती. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९८७ मध्ये प्राथमिक शाळांतील गटपद्धतींच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा मुलांना दिवसभरासाठी हुशार व कच्च्या वर्गांत विभागण्याचा कोणताच फायदा आढळला नाही, आणि जॉप्लिनच्या योजनेचा मात्र स्पष्ट फायदा आढळला. एकाच अभ्यासकाचे हे दोन निष्कर्ष तुकडी आणि स्तरगट यांतले अंतर दाखवायला पुरेसे आहेत.

शिक्षकाने आपल्याच वर्गात आपल्या सवडीने हे करावे, या सल्ल्याचे काय होते ते भारतातही तपासले गेले आहे. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी सुट्टीतल्या महिनाभराच्या शिबिरात मागे पडलेल्या मुलांना पातळीनुसार शिकवले तेव्हा मुले वाचनात पुढे गेली. परंतु शाळेच्या नेहमीच्या दिवसांत त्याच पद्धतीचे साहित्य आणि प्रशिक्षण शिक्षकांना देऊनही फारसा फरक पडला नाही, कारण शिक्षक पाठ्यपुस्तकाकडे परतले. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकात यासाठी स्वतंत्र तास राखला गेला, त्या तासाला मुलांची पातळीनुसार पुन्हा मांडणी केली गेली आणि पर्यवेक्षकांना ते पाहण्याचे काम दिले गेले, तेव्हा शिकवणारे सरकारी शिक्षकच असूनही हिंदी वाचनात सुधारणा झाली. बिहारच्या शिबिरातल्या सरकारी शिक्षकांनी दाखवून दिले आहे की उणीव त्यांच्या कुवतीत नव्हती. अभ्यासक्रम पुरा करण्याचा दबाव त्यांना मागे ओढत होता.

हा दबाव कायद्यातूनच येतो असे शिक्षक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाला संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पुरा करायला सांगते. पण त्याच कलमात त्यापुढची जबाबदारी अशी आहे की शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या शिकण्याच्या क्षमतेचे मूल्यमापन करावे आणि त्यानुसार आवश्यक ते अतिरिक्त शिक्षण द्यावे. स्तरगट कायद्याच्या भावनेविरुद्ध आहेत असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेले दिसत नाही.

स्तरगटांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्यांच्या नावाखाली जे होते त्या सगळ्याचे समर्थन मात्र करू नये. चाचणीचा निकाल शिकवण्यासाठी वापरण्याऐवजी वरच्या कार्यालयाला कळवायचा आकडा झाला, की शिक्षकाचे लक्ष मुलावरून तक्त्याकडे वळते. ‘अप्रगत’ हा शब्द शाळेच्या कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे लिहिला जाऊ लागला तो याच मार्गाने, आणि तो ताबडतोब बंद झाला पाहिजे. अक्षरगटाला सर्वांत नवख्या शिक्षकाच्या किंवा स्वयंसेवकाच्या हाती सोपवून ज्येष्ठ शिक्षकाने गोष्ट वाचणाऱ्यांचा गट घेणे हाही अन्याय आहे. सर्वांत अवघड काम खालच्या गटात असते आणि तिथे शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक हवा. अहिल्यानगर शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांतले किंवा हिंदीभाषक मजुराच्या घरातले मूल मराठी परिच्छेदावर अडखळले तर ते अक्षरांवर अडले की भाषेवर, हे कागदावरून कळत नाही. अशा मुलाला अक्षरगटात ढकलणे ही सरळ चूक आहे, त्याला आधी मराठी बोलण्या-ऐकण्याची संधी हवी.

पहिलीच्या वर्गाला तर ही पद्धत लावूच नये. सहा वर्षांच्या मुलाची जुलैत चाचणी घेतली तर शाळेने काय शिकवले याऐवजी घरात पुस्तक होते की नाही, बालवाडी मिळाली की नाही, एवढेच मोजले जाते, आणि त्यावरून पाडलेला गट रिस्ट यांच्या तीन टेबलांहून फारसा वेगळा ठरत नाही. ज्यांना शिकवण्याची पूर्ण संधी शाळेला मिळून गेली आहे आणि तरीही ज्यांना वाचता येत नाही, अशा तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी हा उपाय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात या उपायाची सर्वाधिक गरज असलेले मूल म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर फडावर गेलेले हे मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते तेव्हा त्याचा वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या पाठांवर असतो. हंगामी वसतिगृहाची सोय त्याला मिळाली असेल तर थोडे सावरते, नसेल तर ते चौथीच्या त्या पाठांसमोर बसते आणि जूनमध्ये पाचवीत जाते. इयत्तेच्या रचनेत त्याच्यासाठी कुठेही जागा नाही, कारण ती रचना गृहीत धरते की सर्वांनी एकाच दिवशी सुरुवात केली आणि कोणीही मध्ये गेले नाही. स्तरगटात परतण्याच्या दिवशीच त्याची चाचणी होते आणि जिथे वाचन थांबले होते तिथून दुसऱ्या दिवशी ते सुरू होते. यासाठी दोन गोष्टी करणे शाळेच्या आणि शिक्षण विभागाच्या हाती आहे: मुलाने शाळा बदलली तर त्याच्या कागदपत्रांबरोबर त्याने शेवटचे काय वाचले ही नोंद पुढच्या शाळेकडे जावी, आणि गटांची फेरमांडणी वर्षाच्या वेळापत्रकात ठरलेल्या तारखांना व्हावी, म्हणजे ती शिक्षकाच्या मर्जीवर राहणार नाही आणि आपले मूल कोणत्या गटात आहे व पुढच्या गटात जायला काय यावे लागते हे पालकाला कोणत्याही दिवशी शाळेत येऊन विचारता येईल.